एक्सपोर्टला लावलंय!

फोटोग्राफीच्या कोर्सला अ‍ॅडमिशन मिळाली ना, अभिनंदन. घरचे विचारतील की एवढी फी भरून तिथे नेमकं शिकवतात काय, तर त्यांना सांगा अ‍ॅपर्चर, शटर, आयएसओ, कंपोझिशन वगैरे. ते दोन महिन्यांत उरकतं. खरे विषय त्यानंतर लागतात आणि ते दोनच आहेत, एक म्हणजे काढलेला फोटो बिघडवणं आणि दुसरा म्हणजे बिघडवायच्या आधीचा फोटो हरवणं. पहिल्याला सर आहेत, लॅब आहे, प्रॅक्टिकलचे मार्क आहेत, दुसरा मात्र आपला आपणच शिकावा लागतो. मी तिसऱ्या वर्षाला आहे आणि ह्या दुसऱ्या विषयात माझा हात धरणारं बॅचमध्ये कोणी नाही, म्हणून ज्युनिअर लोकांसाठी हे लिहितोय.

सगळ्यात आधी एक वाक्य पाठ करा. "एक्सपोर्टला लावलंय." मावशीच्या मुलीचा साखरपुडा तुम्ही फुकटात शूट केलाय, मावशी रोज फोन करते, फोटो कुठे आहेत हे तुम्हालाच माहीत नाही, अशा वेळी हे वाक्य शांतपणे म्हणायचं. एक्सपोर्ट म्हणजे एडिट केलेल्या फोटोची पाठवण्यालायक फाईल काढणं हे मावशीला माहीत नसतं, ते मशीन करतं म्हणजे तुमचा दोष नाही, आणि ते किती दिवस चालावं ह्याचा काही नियम नाही. माझं एक एक्सपोर्ट गेले सात महिने चालू आहे.

आता कामाला लागू. शूट करून घरी आलात की कार्ड कॅमेऱ्यातच राहू द्या. ६४ जीबीच्या कार्डात दोनेक हजार रॉ फायली, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेलं सगळं काही न गाळता ठेवलेल्या, सहज मावतात, मग रिकामं करायची घाई कशाला? वारी, कॉलेजचं गॅदरिंग, प्रॉडक्टच्या असाइनमेंटमधली ती काचेची बाटली जिच्यात दर वेळी आपलंच थोबाड दिसतं, आणि चुलतभावाची हळद, सगळं एकाच कार्डात गुण्यागोविंदाने नांदू द्या. बॅटरी बरेच दिवस काढून ठेवली की कॅमेऱ्याचं घड्याळ रिसेट होतं आणि चालू करताना तो तारीख विचारतो, तेव्हा न वाचता ओके दाबायचं. म्हणजे प्रत्येक फोटोच्या आत जी तारीख नोंदली जाते ती १ जानेवारीची होते. माझ्या लॅपटॉपच्या हिशोबाने तुकोबांची पालखी ऐन थंडीत निघते आणि त्याच दिवशी गणपती विसर्जनही असतं.

कार्ड भरलंच तर नाइलाजाने कॉपी करा, पण कुठे ते ठरवू नका. डेस्कटॉपवर राइट क्लिक, न्यू फोल्डर. पुढच्या वेळी न्यू फोल्डर दोन. नाव देत बसायचं नाही, नाव दिलं की शोधायला सोपं जातं आणि शोधताना जे जुने फोटो अचानक सापडतात तो आनंद जातो. आणि कोणी आगाऊपणे सांगितलंच की फोल्डरला तारीख द्या, तर दिवस आधी, मग महिना, मग वर्ष असं लिहा. कॉम्प्युटर बिचारा डावीकडून वाचत जातो, त्यामुळे ०५ मार्च, ०५ जुलै आणि ०५ डिसेंबर शेजारी शेजारी येऊन बसतात, तीन वेगवेगळ्या वर्षांचे. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस असं लिहिलं असतं तर सगळं आपोआप क्रमाने लागलं असतं, पण मग तुमच्यात आणि बँकेतल्या क्लार्कमध्ये फरक काय राहिला.

फायलींची नावं तर अजिबात बदलू नका, कॅमेऱ्याने दिलेलीच ठेवा. कॅमेरा ९९९९ पर्यंत मोजतो आणि पुन्हा ०००१ वर येतो, म्हणजे तुम्ही वर्षभर मन लावून शूटिंग केलंत तर एकाच नावाचे दोन फोटो नक्की होणार. मग एक दिवस कॉपी करताना विंडोज विचारतं की ह्या नावाची फाईल आधीच आहे, रिप्लेस करू का? हो म्हणा. माणसाने पुढे बघावं. माझ्या पहिल्या सेमिस्टरच्या पोर्ट्रेटच्या जागी आता गॅदरिंगमधला डीजे आहे, आणि खरं सांगू का, लायटिंग डीजेचंच बरं आहे.

हे नाव-नंबर घालायचं वेड जुन्या लोकांचं. जुन्या काळचे फोटोग्राफर राजा दीनदयाळ बघा ना, १९०५ साली गेले, आयुष्यभर काचेच्या जड प्लेटा वाहिल्या आणि त्या निगेटिव्हवर नंबर घालत बसले, खाली जागेचं नाव. १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने त्यातल्या अडीच हजारांवर प्लेटा घेतल्या, आणि कुठली प्लेट कुठल्या महालाची हे लोक आजही सांगू शकतात. आमच्या बॅचमध्ये मागच्या महिन्यात काढलेला फोटो कोणाला सांगता येत नाही, तंत्रज्ञान कुठल्या कुठे गेलं बघा.

सॉफ्टवेअर. विकत घेऊ नका, शी. डार्कटेबल, रॉथेरपी, डिजिकॅम, गिंप असली फुकट आणि कायदेशीर सॉफ्टवेअर मिळतात पण ती वापरली तर सिनिअर हसतात, त्यापेक्षा हॉस्टेलमधल्या कोणाकडून तरी पेनड्राइव्हमधून क्रॅक घ्या. त्याच्यासोबत एक नोटपॅडची फाईल येते, तिच्यात पहिलीच ओळ असते की आधी अँटिव्हायरस बंद करा. ती ओळ भक्तिभावाने पाळायची. आमच्याकडे एकाने पाळली, चौथ्या दिवशी त्याच्या सगळ्या फायलींना शेवटी भलतंच शेपूट फुटलं, एकही उघडेना, आणि डेस्कटॉपवर पैसे मागणारी चिठ्ठी. पैसे डॉलरमध्ये मागितले होते. आयुष्यातली पहिली इंटरनॅशनल ऑफर.

रॉ की जेपेग, म्हणजे कॅमेऱ्याने दाबून लहान केलेली फाईल, ह्या वादात पडायचं नाही, जेपेगच काढा. रॉ मध्ये १४ बिट म्हणजे प्रत्येक रंगाच्या १६३८४ पायऱ्या, जेपेगमध्ये २५६, आणि फोटोत तर नवरदेव एकच आहे, त्याला एवढ्या पायऱ्या कशाला? अंधाऱ्या मंगल कार्यालयात अंडर एक्सपोज झालेला जेपेग मग शॅडोच्या स्लायडरने वर ओढायचा, नवरदेवाच्या काळ्या शेरवानीवर जमीन मोजणीच्या नकाशासारखे पट्टे दिसायला लागतात, त्याला टेक्श्चर म्हणायचं. तो सेव्ह करायचा, पुन्हा उघडून थोडा अजून, पुन्हा सेव्ह, दर वेळी जेपेग स्वतःतलं थोडं फेकून देतो, आणि हे सगळं ओरिजिनल फाइलवरच करायचं बरं का, कॉपी वगैरे काढून नाही. शेवटी तो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा, डॉक्युमेंट म्हणून नाही, साधा, म्हणजे उरलंसुरलं तिथे निघून जातं.

आता कला. सगळे स्लायडर उजवीकडे न्यायला असतात, नाहीतर कंपनीने उजवीकडे जागा ठेवली कशाला असती. क्लॅरिटी, व्हायब्रन्स, सॅच्युरेशन, आणि २०१५ मध्ये आलेला आपला लाडका डिहेझ, ज्याने पावसाळ्यातल्या राजमाचीवरचं धुकं पुसून टाकता येतं. धुकं बघायलाच गेलो होतो हे खरं, पण डिहेझ आहे तर वापरायला नको? कास पठार जांभळं आहे, ते ट्यूबलाइटसारखं जांभळं झालं पाहिजे. सह्याद्रीचा हिरवा रंग असा हवा की बघणाऱ्याने डोळे चोळले पाहिजेत.

ऑनलाइन मिळणारा टील ऑरेंज प्रीसेट, म्हणजे फोटो निळसर-नारिंगी करणारी आयती सेटिंग, एकदा घ्या आणि सगळ्यावर मारा. जेजुरीला भंडाऱ्याचे फोटो मी असे केले होते, जीव तोडून गर्दीत घुसून काढलेले, सरांनी वर्गात मोठ्या स्क्रीनवर लावले आणि विचारलं की हे लोक एकमेकांच्या अंगावर लाल तिखट का टाकतायत. हळदीच्या कार्यक्रमाचं तसंच, चेहरे पिवळे दिसतात म्हणून मी व्हाइट बॅलन्सने तो पिवळा काढत काढत गेलो, छान स्वच्छ केले, मग नवरीच्या आईचा फोन आला की हळद लावायच्या आधीचे नाही, नंतरचे पाठव.

आकाश बदलणं तर आता एका क्लिकचं काम. गेटवे ऑफ इंडियाच्या मागे समुद्रावर भगवा सूर्यास्त लावा आणि खाली तसं लिहा पण. तिथला समुद्र पूर्वेला आहे, बंदराच्या बाजूला, त्या बाजूने सूर्य उगवतो, पण एवढं मुंबईकरांनाही पटकन लक्षात येत नाही. सावल्या उलट्या पडल्या तर पडू द्यात, ज्युरी सावल्या बघत नाही. बघते, पण मार्क दिल्यावर सांगते.

एडिटिंग रात्री दोननंतर करा, खोलीतला लाइट बंद, स्क्रीनचा ब्राइटनेस फुल आणि डोळ्यांना त्रास नको म्हणून नाइट लाइट चालू. स्क्रीन झगझगीत आहे म्हणून तुम्ही फोटो गडद करत जाता, स्क्रीन पिवळी आहे म्हणून निळा वाढवत जाता. सकाळी लॅबमधून प्रिंट येतो तर सगळं वऱ्हाड थंडीने काळंनिळं पडलेलं. मग लॅबवाल्याशी भांडायचं. हा कोर्सचा भाग आहे, तो रोज चार जणांशी भांडतो, त्याला वाईट वाटत नाही.

आणि आता माझा खास विषय, लाइटरूम ह्या फोटो एडिट करायच्या सॉफ्टवेअरचा कॅटलॉग. तुम्हाला सांगतील की कॅटलॉगमध्ये फोटो नसतात, फोटो कुठे ठेवलाय त्याचा पत्ता आणि त्यावर तुम्ही काय काय केलंत त्याची नोंद फक्त असते, फोटो आपल्या जागी हार्ड डिस्कवरच. हे एका कानाने ऐका. मग हार्ड डिस्क भरली की विचार करा, अरे, लाइटरूममध्ये तर सगळे दिसतायत, मग बाहेर ही डबल कॉपी कशाला? आणि ते फोल्डर उडवा, शिफ्ट दाबून उडवा म्हणजे रिसायकल बिनची कटकट नको. गंमत म्हणजे लगेच काहीच होत नाही. लाइटरूम उघडलं की छोटे छोटे प्रिव्ह्यू सगळे जागेवर, साखरपुडा आहे, मावशी हसतेय, फक्त बाजूच्या यादीत फोल्डरच्या नावावर एक इवलंसं प्रश्नचिन्ह आलेलं असतं. एक्सपोर्ट दाबेपर्यंत कळतच नाही की आपण फोटोंच्या जागी त्यांची पत्रिका सांभाळत बसलोय. मला हे कळलं तेव्हा मी पहिल्यांदा गुगल केलं की प्रश्नचिन्ह कसं घालवायचं.

(उडवलेल्या फायली लगेच पुसल्या जात नाहीत, त्यांच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत त्या तिथेच पडून असतात, आणि फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर बऱ्याच परत काढून देतं. म्हणून त्या क्षणी त्याच डिस्कवर पटकन एक वेब सिरीज डाउनलोड करायला लावा, मन पण हलकं होतं.)

बॅकअपबद्दल पीटर क्रोघ नावाच्या फोटोग्राफरने ३-२-१ असा हिशोब मांडलाय, तीन कॉप्या, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. आपल्याकडे त्याचं रूपांतर असं झालंय की तीन शॉर्टकट, दोन हार्ड डिस्क ज्यातली एक टिकटिक आवाज करते, आणि एक मित्र ज्याच्याकडे बहुतेक असेल. लाइटरूम बंद करताना अधूनमधून बॅकअप घेऊ का विचारतं, तो फक्त कॅटलॉगचा असतो, फोटोंचा नाही, पण आपण दोन्हीला नाहीच म्हणायचं म्हणजे गोंधळ होत नाही.

बरं, इतकं सगळं जमलं तरी एक धोका राहतो, तो म्हणजे जुन्या फोटोग्राफरच्या नादी लागणं. मी एकदा लागलो. आईबाबांच्या लग्नाच्या अल्बमला पावसाळ्यात ओल लागली, पानं एकमेकांना चिकटली, सप्तपदीच्या फोटोवर तर बुरशीचं अख्खं पठार उगवलं. लग्नाला तीस वर्षं होत होती म्हणून आईला तो एक प्रिंट परत हवा होता. आमच्या गावात एसटी स्टँडसमोर फोटो स्टुडिओ आहे, काका आहेत, त्यांनीच १९९४ मध्ये ते लग्न काढलेलं. मी मनात हसतच गेलो, म्हटलं तीस वर्षं, रोलचा जमाना, विसरा.

काकांनी प्रिंट उलटा केला. मागे पेन्सिलने नंबर होता, मी तो इतक्या वर्षांत कधी बघितलाच नव्हता. काका आत गेले, बिस्किटांचे जुने पत्र्याचे डबे, प्रत्येकावर वर्ष, डब्यात बटर पेपरची पाकिटं, पाकिटावर आडनाव, तारीख आणि बिलबुकाचा तोच नंबर. टपरीवर दोन चहा सांगितले होते, ते यायच्या आत माझी आई सप्तपदी चालताना निगेटिव्हमध्ये मिळाली, काळ्याची पांढरी झालेली, पण आईच. चाळीस हजारांचा लॅपटॉप पाठीवर होता माझ्या. मी तो जरा मागे सरकवला.

चहा पीत काका म्हणाले, "आमच्या चिमीच्या बारशाचे फोटो काय झाले रे?"

त्या दिवशी त्यांना कॅमेरा गळ्यात नको होता, आजोबा म्हणून मिरवायचं होतं, म्हणून माझ्यावर विश्वास टाकलेला. त्या बारशात पाळण्यात निजलेली चिमी आता काउंटरखालून रांगत रांगत माझ्या बुटाच्या लेसपर्यंत आली होती.

"एक्सपोर्टला लावलंय, काका."

"बरं बरं, होऊ दे सावकाश," काका म्हणाले आणि ड्रॉवर उघडून त्यांनी मला एक पाकीट दाखवलं. वर चिमीचं पूर्ण नाव, बारशाची तारीख आणि नंबर, सगळं पेन्सिलने आधीच लिहून ठेवलेलं. आत काही नव्हतं.