‘मी आलो’ म्हणणाऱ्या पोरी आणि जपानी ‘बोकु’

आम्ही कोल्हापूरच्या पोरी सर्रास ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतो. पुण्यात जपानी शिकायला गेले तेव्हा त्यावरून वर्गात चांगली खसखस पिकली होती. पुढे एकदा, गाणी ऐकून ऐकून, मी ‘मी’ म्हणताना ‘बोकु’ म्हटलं. सेन्सेई, म्हणजे आमच्या बाई, म्हणाल्या, “अगं, हे मुलगे म्हणतात. तू ‘वाताशी’ म्हण.”

म्हटलं, मॅडम, गाण्यात तर पोरीच म्हणतात की!

जपानी क्रियापदाला जातो-जातेची भानगड नाही. ‘मी’ कुठला निवडला आणि वाक्याला शेपूट काय लावलं, त्यावरून बाई की पुरुष ते कळतं. ‘आताशी’ हा ‘मी’ आणि ‘काशिरा’ हे शेपूट बायकी. ‘ओरे’ हा ‘मी’ आणि ‘झे’ हे शेपूट रांगडं. (मेजी काळात, म्हणजे १८६८ ते १९१२ दरम्यान, शाळकरी मुलींच्या बोलण्याला उठवळ म्हणून नावं ठेवली गेली. त्याच लकबी पुढे घरंदाज बाईची भाषा ठरल्या!)

२००५ साली सुरू झालेल्या एकेबी४८ या मुलींच्या पॉप ग्रुपच्या कितीतरी गाण्यांत मुली ‘बोकु’ म्हणतात. आधी मी खूश, आपल्यासारख्याच! मग शब्द कळू लागले. तो ‘बोकु’ म्हणजे मुलीकडे चोरून बघणारा मुलगा. लिहिणारे यासुशी आकिमोतो, सुरुवातीचे चाहते बहुतेक पुरुष. म्हणजे चाहत्याच्या मनातलं मुलींनी चाहत्यालाच गाऊन दाखवायचं, आणि त्यांनी स्वतः मात्र प्रेमात पडायचं नाही. याच आकिमोतोंनी २०१६मध्ये एचकेटी४८ या त्याच्याच भावंड-ग्रुपसाठी लिहिलं की मुलीचं डोकं रिकामं असलं तरी चालेल, ती गोड दिसली म्हणजे झालं. त्यावर जपानमध्येही बोंब झाली.

एन्का, म्हणजे जुन्या वळणाची भावुक जपानी गाणी, त्यांत उलटं. १९७२चं ‘ओन्ना नो मिची’ पिंकारा ट्रिओचे बाप्ये बाईच्या तोंडचं म्हणून गातात. आपल्या लावण्या तरी कुणी लिहिल्या? शाहिरांनीच.

म्हणून मला गायिका मोमोए यामागुची आवडते. १९७८च्या ‘प्लेबॅक पार्ट २’मध्ये ती लाल पोर्शे चालवते, चौकात एकाला झापते, आणि स्वतःला ‘वाताशी’च म्हणते. शब्द योको आकींचे, एका बाईचे.

पण मग आदो या गायिकेचं काय? २०२०चं ‘उस्सेवा’ आलं तेव्हा तिला अठरा पूर्ण व्हायला एक दिवस बाकी होता. ‘उस्से’ म्हणजे ‘कटकट नको’, पार रस्त्यावरचं, त्याला एरवी बायकी समजली जाणारी ‘वा’ची शेपटी, आणि मधेच ऑफिसातली अदबीची भाषा. लिहिलंय पुरुषानंच, तरी ते मला तिचंच वाटतं. का, ते अजून नीट सांगता येत नाही. सेन्सेईंना ऐकवलं. शेवटपर्यंत ऐकलं त्यांनी, आणि म्हणाल्या, “परीक्षेत लिहू नकोस हं.”