माराकाना: तुमचं बरोबर, पण अर्धंच

नमस्कार,

ब्राझीलमधल्या रिओच्या माराकाना या फुटबॉल स्टेडियममधली जुनी, उभ्यानं सामना बघणारी गर्दी गेली म्हणून हळहळणाऱ्या माझ्या लेखाला तुम्ही चांगलंच झोडपलंय. तुमचं म्हणणं असं: पुण्यात टीव्हीसमोर पाय पसरून बसायचं आणि रिओतल्या उभ्या गर्दीचे गोडवे गायचे, हे सोपं आहे. जुनं स्टेडियम धोकादायक होतं, नवं सुरक्षित आहे, बायका-मुलं निर्धास्त येतात. मग गळे कशाला काढायचे?

टोमणा बसला. रिओला मी कधी गेलेलो नाही.

आधी माझी मोठी चूक कबूल करतो. 19 जुलै 1992. फ्लामेंगो आणि बोताफोगो या रिओच्या दोन क्लबांचा ब्राझीलच्या विजेतेपदाचा सामना सुरू व्हायच्या आधी वरच्या स्टँडचा कठडा तुटला आणि माणसं खालच्या स्टँडवर कोसळली. तिघं गेले, कितीतरी जखमी झाले. सामना तरीही खेळवला गेला! हे मी लेखात लिहिलंच नव्हतं. जुन्या वास्तूच्या प्रेमात पडलं की तिचा तुटका कठडा दिसत नाही. तेव्हा ते स्टेडियम दुरुस्त करायलाच हवं होतं, याबद्दल आपल्यात वाद नाही.

दुसरी चूक, माझ्या लेखातले ‘दोन लाख प्रेक्षक’. 16 जुलै 1950 ला विश्वचषकाच्या निर्णायक सामन्यात उरुग्वेनं ब्राझीलला 2-1 हरवलं त्या दिवशी तिकीट काढून आलेले 1,73,850 होते. बिनतिकीट घुसलेले धरून दोन लाखांच्या आसपास, हा अंदाज. मी अंदाजच आकडा म्हणून ठोकून दिला.

आता माझं म्हणणं. हे स्टेडियम कुठं बांधावं यावरूनच चाळीसच्या दशकात रिओत जुंपली होती. कार्लुस लासेर्दा हे राजकारणी म्हणत होते, शहराबाहेर जाकारेपाग्वाला न्या. मारिओ फिल्यू या क्रीडापत्रकारानं आपल्या वर्तमानपत्रातून धोशा लावला की ते शहराच्या पोटातच, जुन्या डर्बी क्लबच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर हवं, म्हणजे कुणालाही येता येईल. ते जिंकले, स्टेडियमला आज अधिकृत नाव त्यांचंच आहे.

त्या ‘कुणालाही’ची जागा म्हणजे जेराल. मैदानाच्या कडेनं, सगळ्यात खाली, उभ्यानं सामना बघायचा पट्टा. तिकीट सगळ्यात स्वस्त. तिथून खेळ धड दिसायचा नाही. डोळे जवळजवळ गवताच्या पातळीला, त्यामुळे समोर पळणारे पायच जास्त. वरून पाऊस यायचा, आणि वरच्या स्टँडमधले लोक पाण्याहून वाईट गोष्टीही ओतायचे. ‘हे वैभव कसलं?’ हा तुमचा प्रश्न रास्तच आहे. पण महिन्याला हातातोंडाची गाठ घालणारा माणूस तिथं वेषभूषा करून, फलक घेऊन यायचा, आणि तो दर रविवारी परत यायचा. 2005 मध्ये जेराल बंद झाली, मैदान खाली घेतलं, खुर्च्या आल्या. मग 2014 च्या विश्वचषकासाठी बाहेरची भिंत ठेवून आतलं वाडगं जवळपास पाडूनच नव्यानं बांधलं. आता क्षमता 78,000 च्या आसपास.

तुम्ही सुरक्षितता आणि स्वस्ताई एकमेकांविरुद्ध उभ्या करता, तिथं माझा खटका उडतो. जर्मनीतल्या डोर्टमुंडला गोलमागच्या एका स्टँडमध्ये आजही सुमारे 25,000 लोक उभे राहून सामना बघतात. युरोप काही मागास खंड नाही. कठडा मजबूत करायला गरीब प्रेक्षक हटवावा लागतो, हे कोणत्या अभियांत्रिकीत शिकवतात?

छताचंही तसंच. 2000 मध्ये स्टेडियम वारसा म्हणून संरक्षित झालं होतं, तरी सिमेंटचं ते जुनं छत पाडलं. काँक्रीट खराब झालंय, हे कारण दिलं गेलं. ते खरं असेल, मला त्यात शिरायचं नाही. नव्या छताखाली बहुतेक खुर्च्या कोरड्या राहतात, हे चांगलंच. पण या कामाच्या काळात रिओ राज्याचे राज्यपाल, म्हणजे तिथल्या राज्य सरकारचे प्रमुख, असलेले सेर्जिओ काब्राल 2016 मध्ये पकडले गेले, आणि आरोपांच्या यादीत माराकानाच्या कामातली लाचही होती. तेव्हा ‘खर्च झाला, पण काम झालं’ हे तुमचं वाक्य जरा जपून वापरा. 2016 चं रिओ ऑलिंपिक संपून जेमतेम पाच महिने झाले होते आणि 2017 च्या सुरुवातीला त्याच स्टेडियममध्ये गवत वाळून तपकिरी झालं होतं, खुर्च्या उपटून नेल्या होत्या, वीज तोडलेली होती. देखभाल कुणी करायची, यावर आयोजक, ठेकेदार आणि सरकार एकमेकांकडं बोट दाखवत बसले होते.

‘मग तुम्हाला नेमकं हवं होतं तरी काय?’ असं शेवटी विचारलंय. एका गोलमागं एक उभ्याचा स्टँड, मजबूत कठड्यांचा, स्वस्त तिकिटाचा. बाकी सगळीकडं खुशाल खुर्च्या टाका.

मूळ लेखात आकडा सुधारलाय. 1992 चा परिच्छेदही घातलाय, आणि तळाशी नाही; 1950 च्या लगेच खाली.