वेढे मोजणारी मुलगी

गेली एकोणीस वर्षे मी एका तंत्रनिकेतनात विद्युत अभियांत्रिकी शिकवतो. दरवर्षी प्रथम वर्षाच्या पहिल्या तासाला मी मुलांना एक कोरा कागद देतो आणि 'या शाखेला का आलात?' एवढ्याच प्रश्नाचे उत्तर नाव न घालता लिहायला सांगतो. 'स्कोप आहे', 'नोकरी लवकर लागते', 'काका म्हणाले', 'कॉम्प्युटरला नंबर लागला नाही', अशीच बहुतेक उत्तरे असतात. त्यांत लाज वाटण्यासारखे काही नाही. दोन एकर कोरडवाहू जमिनीवर घर चालवणाऱ्या बापाने मुलाच्या पगाराचा विचार आधी केला, तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. मात्र ही आशा मुलाला प्रवेशापर्यंत आणून सोडते आणि पुढे गणित राहिले, एटीकेटी लागली म्हणजे राहिलेले विषय घेऊन पुढच्या वर्षात जावे लागले, की तिचा आधार पुरत नाही, हे मी वारंवार पाहिले आहे.

दोन वर्षांपूर्वी मोटरच्या वाइंडिंगचा, म्हणजे आतल्या तारेच्या गुंडाळीचा, धडा चालू असताना मी सहज विचारले, "कॉइलचे वेढे कमी पडले तर काय होईल?" सूत्र अजून फळ्यावर यायचे होते. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "करंट जास्त ओढेल, मोटर तापेल, सर." तिच्या वडिलांचे गावात रिवाइंडिंगचे दुकान आहे. जळालेल्या मोटरचे जुने वाइंडिंग कापून काढायचे, तारेचा गेज, म्हणजे जाडी, मोजायचा आणि रनिंग व स्टार्टिंगच्या कॉइलचे वेढे मोजून वहीत टिपायचे, हे काम ती सातवीपासून करत आली होती. एकदा मोजणी चुकली आणि दुरुस्त होऊन गेलेली मोटर चार दिवसांत पुन्हा दुकानात आली, तेव्हा वडील रागावले नाहीत. त्यांनी तिच्याकडूनच ती पुन्हा भरून घेतली. मोटर चालू झाल्यावर विहिरीतून पाणी वर येताना पाहिले तेव्हाच आपले ठरले, असे तिने मला सांगितले. वर्गातल्या इतर मुलांना त्या वयात असे काही हाताळायलाच मिळाले नव्हते, हे ऐकून मला वाईट वाटले. माझ्या स्वतःच्या शाळेतही प्रयोगशाळेचे कपाट कायम कुलपात असे आणि आम्ही प्रयोग वहीत उतरवून घेत असू.

महाराष्ट्रात १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि गावोगावच्या मुलांना हे शिक्षण आवाक्यात आले, ही फार मोठी गोष्ट होती. त्याच वर्षी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी शिरूर तालुक्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. वेल्डिंग, वीजजोडणी, बांधकाम, माती परीक्षण अशी कामे करता करता त्यामागचे विज्ञान मुलांना कळावे, ही त्यांची पद्धत; तिच्यातूनच आठवी ते दहावीसाठी आठवड्यातून एक दिवस हाताने काम करण्याचा अभ्यासक्रम शाळांत आला. पहिली वाट आपण हमरस्त्यासारखी रुंद केली, दुसरी मात्र मोजक्या शाळांपुरतीच राहू दिली. माझ्या मते आजची निरुत्साही मुले ही त्याचीच किंमत आहे. तेरा-चौदाव्या वर्षी स्वतः जोडलेली वस्तू चालताना पाहण्याचा आनंद ज्याला मिळाला नाही, त्याने अठराव्या वर्षी तंत्रविषयांवर प्रेम करावे, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

म्हणून यंदा दिवाळीनंतर दर शनिवारी आम्ही जवळच्या जिल्हा परिषद शाळांतील सातवी-आठवीच्या मुलांना आमच्या कार्यशाळेत बोलावणार आहोत. शिकवायला तृतीय वर्षाची मुले असतील आणि वाइंडिंगचे टेबल त्या मुलीने स्वतःहून मागून घेतले आहे. आम्हाला जळालेल्या, भंगारात निघालेल्या पाण्याच्या मोटरी, जुने पंखे आणि मिक्सर हवे आहेत. कुणाच्या घरी किंवा मळ्यात पडून असतील तर कृपया मला मेसेज करा. मी स्वतः येऊन घेऊन जाईन.