तसंच सरळ जावा

सीमाभागात नकाशा हातात धरून रानातनं हिंडणाऱ्या माणसाकडं कुणी साधेपणानं बघत नाही. 1956 पासून इथली भांडणं नकाशावरनंच चालली आहेत. कुठलं गाव रेघेच्या कुठल्या अंगाला पाहिजे होतं, हे पाचवीतलं पोरही सांगतं. खरं तेच पोर काय, त्याच्या आजोबांच्या हातात नकाशा देऊन "आता यातला ओढा दाखवा" म्हणा. चष्मा पुसण्यात दहा मिनिटं जातात. मत सगळ्यांना आहे, वाचता कुणालाच येत नाही. अशा मुलखात, जुलैच्या झडीत, बेळगावजवळ जांबोटीच्या अंगाला आम्ही ओरिएंटियरिंग नावाचा खेळ खेळतो.

खेळ सांगायला सोपा. हातात नकाशा आणि कंपास. त्रिकोणापासून सुटायचं, गोलात दाखवलेली ठिकाणं क्रमानं गाठायची, दुहेरी गोलाशी संपवायचं. प्रत्येक ठिकाणी नारिंगी-पांढरा तीनपाखी झेंडा टांगलेला असतो, एकेक पाख 30 सेंटिमीटरचं. वाट आपली आपण निवडायची.

बर्फाच्या देशांत हाच खेळ स्कीवर खेळतात. त्याची पहिली जागतिक स्पर्धा 1975 साली फिनलंडात झाली. दोन्ही हातांत काठ्या, म्हणून नकाशा छातीवरच्या फिरत्या पाटीवर. बर्फ ओला झाला की स्कीचा तळ पाण्याच्या पापुद्र्याला चिकटून ओढ लागते; ती मोडायला तळावर बारीक खाचा पाडतात. पकड हवी असेल तर पाकासारखं चिकट मेण लावतात, ते बोटांना, कपड्यांना, सगळ्याला लागतं. बळ्ळारी नाल्याकाठची काळी माती त्यांनी पाहिलेली नाही, नाहीतर मेणाचा खर्च वाचला असता. वीस पावलांत एकेका बुटाला किलोभर चिकटते आणि तेवढं करूनही पाय घसरतोच.

स्कीवाल्यांच्या नकाशात हिरवी रेघ म्हणजे तयार केलेली वाट. आपल्या पायी नकाशात हिरवं म्हणजे दाट झाडी. जितकं गडद तितकं आत शिरू नये. पिवळं म्हणजे उघडं माळ. आणि पांढरं? नवा माणूस पांढरं बघून मोकळं मैदान समजतो आणि फणसाला धडकतो. पांढरं म्हणजे पळता येईल असं रान. पण तेही नकाशा काढला तेव्हाचं. काढणारा मे महिन्यात उन्हात फिरून गेलेला असतो, जुलैत त्याच पांढऱ्यात रानमोडी छातीपर्यंत आलेली असते आणि घाणेरी पँट धरून बसते. चिऱ्याची खाण नकाशात कोरडा खड्डा असते, प्रत्यक्षात तिथं म्हशी डुंबत असतात.

नकाशा 1:10,000 चा असला तर एक सेंटिमीटर म्हणजे 100 मीटर. अंगठा आपण आहोत त्या जागी ठेवायचा आणि चालेल तसा पुढं सरकवायचा. अंगठाच दोन सेंटिमीटर रुंद, म्हणजे त्याच्याखाली 200 मीटर रान झाकलेलं, ही गोष्ट शिकवणारे सांगत नाहीत. म्हणून अंगठ्याचा मधला भाग नाही, नखाचं टोक धरायचं. इंकजेटवर छापलेला नकाशा पहिल्या सरीत वाहून जातो. ओढे निळे होते ते सगळीकडं होतात. लेझरची छपाई टिकते, खरं घडीवर उडते. घडी पडते नेमकी आपण हुडकत असतो त्या गोलावर. झिपच्या पिशवीत घातला तर बाहेरून पाऊस, आतून वाफ. उपाय एकच, पिशवी घरीच, कोरड्यात, हवा पूर्ण काढून बंद करायची आणि तोंडाला टेप मारायची.

अंतर पावलांनी मोजायचं. माळावर पळताना 100 मीटरला उजवा पाय साधारण 40 वेळा पडतो, चिखलात पन्नासच्या वर जातो. आकडा आपापला, आधी मापलेल्या अंतरावर मोजून ठेवलेला. साकवाजवळ झेंडा असेल तर साकवावर नेम धरू नये. मुद्दाम 40 मीटर डावीकडं नेम धरायचा. ओढा लागला की उजवीकडं वळायचं, शंका नाही. नेमका नेम धरलात आणि साकव दिसला नाही, तर डावं की उजवं यात पाच मिनिटं जातात. युक्ती उत्तम आहे, फक्त कणकुंबीकडच्या पावसात प्रत्येक गाडीवाट ओढाच झालेली असते. तेव्हा पाण्यावर विश्वास नको. भाताचा बांध, गडगा, उंचवट्याचा आकार यांवर ठेवावा. कंपास खिशातल्या मोबाइलपासून लांब धरावा, सुई त्याच्याकडंच वळते.

आता खरी अडचण. इथं कुठंही जायचं झालं तर माणूस विचारतो. शर्यतीत विचारायला बंदी. आपण नाही विचारलं तरी लावणीतला माणूस इरल्यातनं मान वर काढतोच, "पाव्हणं, काय हुडकालासा?" गप्प बसलं तर उद्धटपणा. सांगितलं तर तो हात करतो, "तसंच सरळ जावा, पिंपळ लागंल." नकाशात पिंपळ नाही. मागून मावशी कन्नडात दुसरीच दिशा सांगतात. दोघांचं भांडण लागतं आणि आपण बांधावर उभे, पावलांची मोजणी विसरून. झेंड्याचं तर आणखीच अवघड. शेतात परकी खूण दिसली की बायपाससाठी जमिनीची मोजणी आली असं समजून तो उपटून टाकला जातो, आणि त्यात शेतकऱ्याचं काही चुकतं असं मला वाटत नाही. मालकाला आधी भेटावं, घरात बसून चहा घ्यावा, मगच झेंडा लावावा.

झेंड्यावरचा आकडा जरूर बघावा. ते 31 पासून सुरू होतात, कारण 5 वा टप्पा आणि 5 नंबरचा झेंडा यांत घोळ नको. आपण आल्याची खूण म्हणून प्रत्येक झेंड्यापाशी कार्ड टोचायचं असतं; गडबडीत शेजारच्या शर्यतीच्या झेंड्यावर टोचलं की तासाभराची पळापळ बाद.

रेनकोट घालून पळणारा माणूस बाहेरून कोरडा, आतून इडलीसारखा शिजतो. सुती बनियन पाणी धरतं. जाळीचे बूट घ्यावे, आत आलेलं पाणी बाहेर तरी जातं. जळवांसाठी मोज्यात निपाणीची तंबाखू भरणारे आहेत. ओल्या कातडीतनं ती अंगात भिनते, डोकं गरगरतं आणि उत्तर दिशा आणखीच फिरते. मिठाची पुरचुंडी बरी.

मधेच सोडून दिलं तरी शेवटच्या टेबलापाशी येऊन नाव सांगायचंच. नाहीतर तुम्ही घरी कुंदा खात असता आणि चौघे बॅटरी घेऊन रानात हाका मारत फिरतात. सगळे आले की झेंडे गोळा होतात. बारा लावले तर अकराच परत येतात. बारावा पुढच्या हंगामात भुईमुगाच्या शेतात डुकरं हाकायला उभा असतो.