'आयपी६५ आहे, विषय संपला' म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार.

अंगणात बसवलेल्या सोलर बॅटरीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत ते आधी जसंच्या तसं देतो, म्हणजे इतरांना संदर्भ लागेल: "पाऊस लागू नये म्हणून शेड, हवा लागावी म्हणून मोकळी जागा, मीठ बसू नये म्हणून पुसा. ही बॅटरी आहे की बाळंतीण? डब्यावर आयपी६५ लिहिलंय, विषय संपला. नुसता भीतीचा धंदा आहे तुमचा. पत्र्याची शेड उन्हाळ्यात तापते ते लिहायला विसरलात. आणि घरातच ठेवली तर हे सगळं टळतं."

प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. पण 'धंदा' हा शब्द लागला. त्या लेखात एकाही कंपनीचं नाव नाही, कुणाचा फोन नंबर नाही. दापोली ते मालवण या पट्ट्यात एकोणीस वर्षं हेच जोडणीचं काम करतो आहे. समुद्राकाठचे डबे आतून कसे होतात ते पाहून लिहिलं. चूक दाखवायची असेल तर आकडा दाखवा, माझ्या हेतूवर कशाला जाता? आणि बाळंतिणीचं म्हणाल, तर २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळानंतर रायगड-रत्नागिरीतल्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. ज्या हवेत वीज जाते, नेमक्या त्याच हवेत बॅटरी चालायला हवी. तिची काळजी घ्या म्हणणं ही थट्टेची गोष्ट नाही.

आता तुमचं मुख्य वाक्य: 'विषय संपला.' आयपी म्हणजे डबा धूळ आणि पाणी किती अडवतो त्याचा दर्जा. आयपी६५ मधला ६ धुळीचा, ५ पाण्याच्या फवाऱ्याचा. चाचणीत ६.३ मिलिमीटरच्या तोटीतून मिनिटाला साडेबारा लिटर पाणी अडीच ते तीन मीटरवरून किमान तीन मिनिटं मारतात. पाणी गोडं, डबा कोरा करकरीत, झाकण कारखान्यात आवळलेलं. पास होण्याची अटही नीट वाचा: पाण्याने अपाय होता कामा नये. थेंबही आत जाऊ नये असं ती म्हणत नाही. मीठ, ऊन, रबराचं म्हातारपण, आत धरणारं दव, यातलं काहीही या दोन आकड्यांत मोजलेलं नाही. नैर्ऋत्येकडून तासन् तास येणारी झड तर नाहीच. आयपी६७ चा डबा असला तरी तो एक मीटर पाण्यात अर्धा तास तपासलेला असतो. चिपळूणमध्ये २२ जुलै २०२१ ला पुराचं पाणी अर्ध्या तासात ओसरलं नव्हतं. म्हणूनच माहीत असलेल्या पूररेषेच्या वर बसवा, असं लिहिलं.

पाऊस डब्यावर पडतो त्याहून वाईट म्हणजे डबा तो आत ओढतो. उन्हात आतली हवा ५५ अंशांवर गेली आणि सर येऊन ती २५ वर उतरली, तर बंद डब्यात दाब सुमारे नऊ टक्क्यांनी घटतो. नव्वद सेंटीमीटरहून थोड्या जास्त उंच पाण्याच्या स्तंभाएवढी ही ओढ. ग्लँडभोवती, म्हणजे केबल डब्यात शिरते तिथल्या रबरी बुचाच्या नटाभोवती, साचलेलं पाणी अशा वेळी आत जातं. यावर उपाय म्हणजे दाब सारखा करणारा पडद्याचा व्हेंट. चांगल्या डब्याला तो असतोच, पण बसवणारे त्यावर रंग मारतात नाहीतर तो चिकटपट्टीने बुजवतात.

आणि डब्याला आयपी कंपनी देते, भोकं मात्र आपण पाडतो! एम२५ मापाच्या ग्लँडला साधारण १३ ते १८ मिलिमीटर जाडीची केबल लागते. त्यात दोन बारीक केबली कोंबल्या की मधल्या फटीत रबर पोचत नाही आणि तुमचा ६५ तिथेच संपतो. मग लोक सिलिकॉन भरतात, तेही व्हिनेगरसारखा वास येणारं, जे तांबं खातं. लागलंच तर न्यूट्रल क्युअरचं, म्हणजे तो आंबट वास न येणारं, घ्या. एका ग्लँडमध्ये एकच केबल, जाडी कॅलिपरने मोजून. रिकाम्या भोकांना बूच, नाहीतर मुंग्या आणि पाली आहेतच. केबल नेहमी खालून आत घ्या, आणि आधी ग्लँडच्या पातळीखाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळ झोळाच्या टोकाशी गळतो. लग (केबलच्या टोकाला दाबून बसवायचे तांब्याचे तुकडे) टिनच्या मुलाम्याचे, बोल्ट ३१६ प्रतीच्या स्टेनलेसचे. समुद्राकाठी साध्या ३०४ प्रतीवर तांबूस डाग पडतात.

पावसाळ्यात सकाळी इन्व्हर्टरवर इन्सुलेशन फॉल्ट (वीज कुठेतरी जमिनीकडे गळतेय अशी सूचना) येतो, दुपारी ऊन पडलं की आपोआप जातो. लोक म्हणतात, 'बरं झालं, सुटलं.' सुटलेलं काही नसतं, ओल फक्त वाळलेली असते. कनेक्टर उघडला तर तांब्यावर हिरवट बुरशीसारखा थर दिसतो. तो थर म्हणजे वाढलेला रोध, म्हणजे उष्णता. याला भीती दाखवणं म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

पत्र्याबद्दल तुमचं बरोबर आहे. लेखात नुसतं 'पत्रा' लिहिलं, ते अपुरं होतं. पत्र्याखाली दुसरा थर आणि दोन्हींत हवा जाईल एवढी मोकळी जागा हवी. बॅटरीच्या वरही फूटभर अंतर, बाजू उघड्या. बहुतेक एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) पॅक ४५ ते ५० अंशांच्या वर चार्ज होत नाहीत, बीएमएस म्हणजे बॅटरीवर नजर ठेवणारं सर्किट आधी करंट कमी करतं आणि मग तोडतं. शक्यतो पूर्वेची किंवा उत्तरेची भिंत घ्या, पश्चिमेची नको. लेखात ही दुरुस्ती आजच केली.

घरात ठेवण्याचं म्हणाल तर जागा असेल त्याने ठेवावी, फक्त झोपायच्या खोलीत आणि जिन्याखाली नको. ज्यांना जागा नाही त्यांच्यासाठी लेख होता, पहिल्याच ओळीत तसं लिहिलं होतं. तेवढं वाचलं असतंत तर हा मुद्दा निघालाच नसता.

तुमची बॅटरी बाहेर असेल तर डब्याच्या खालच्या बाजूचा, ग्लँड दिसतील असा फोटो टाका. पुढचं त्यावर बोलू.