साखर आटोक्यात असली तरी तंबाखू धमन्यांना सोडत नाही

मधुमेह असलेल्यांसाठी म्हणून एक संदेश सध्या हातोहात फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे: साखर आटोक्यात असेल तर दिवसाला दोन-तीन सिगारेटींनी रक्तवाहिन्यांचे काही बिघडत नाही, चघळण्याच्या तंबाखूत धूर नसल्यामुळे तो निर्धोक आहे, चालताना पोटऱ्या दुखत नसतील तर पायांचा रक्तपुरवठा उत्तम आहे, आणि तंबाखू सोडल्यावर वजन व साखर वाढते, म्हणून तो न सोडलेलाच बरा. हा सल्ला मानणाऱ्याला एखादे वेळी पाय गमवावा लागेल, इतका तो घातक आहे.

साखरेच्या काटेकोर नियंत्रणाने डोळ्यांतील व मूत्रपिंडांतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे रक्षण होते, हे निर्विवाद आहे. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील मोठ्या मधुमेह-अभ्यासात असे विकार २५ टक्क्यांनी घटले. हृदयविकाराच्या झटक्यांतील १६ टक्क्यांची घट मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीवर पुरती उतरली नाही. त्याच रुग्णांच्या पुढील विश्लेषणात, धूम्रपान करणाऱ्यांना पायांच्या धमन्यांचा विकार जडण्याची शक्यता जवळजवळ तिप्पट आढळली. याचे कारण असे की तंबाखूचा धूर धमनीच्या आतील अस्तरालाच इजा करतो, रक्त गोठवणाऱ्या बिंबिका (प्लेटलेट) चिकट करतो, आणि त्यातील कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनवरील प्राणवायूची जागा बळकावतो. मधुमेहाने आधीच दुबळ्या झालेल्या अस्तरावर हा दुसरा घाव असतो, आणि साखरेच्या तपासणीत त्याची नोंद होत नाही.

राहिला दोन-तीन सिगारेटींचा प्रश्न. २०१८ मध्ये १४१ दीर्घकालीन अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा दिवसाला वीस सिगारेटींमुळे हृदयधमन्यांच्या विकाराचा जेवढा जादा धोका संभवतो, त्याचा जवळपास निम्मा भाग केवळ एका सिगारेटीनेच पदरी पडतो, असे दिसले. चघळण्याच्या तंबाखूतील निकोटिन तोंडाच्या अस्तरातून थेट रक्तात उतरते, नाडी व रक्तदाब वाढवते आणि धमन्या आकसवते. ५२ देशांतील रुग्णांच्या २००६ मधील पाहणीत तंबाखू चघळणाऱ्यांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता दुपटीहून अधिक आढळली होती.

मला सर्वांत धोकादायक वाटतो तो पोटऱ्यांचा मुद्दा, कारण तो ऐकायला अगदी पटण्यासारखा आहे. अरुंद झालेल्या धमनीमुळे चालताना पोटरीत गोळे येतात आणि थांबल्यावर ते ओसरतात, हे खरेच. परंतु मधुमेहात संवेदना वाहून नेणाऱ्या नसाच बधिर झालेल्या असतील, तर ही वेदना जाणवतच नाही. शिवाय मधुमेहात पुष्कळदा गुडघ्याखालच्या धमन्या बाधित होतात आणि त्यांच्या भिंतींत कॅल्शियम साचून त्या कडक होतात. घोटा व दंड यांच्या रक्तदाबांचे गुणोत्तर एरवी ०.९ च्या खाली गेले की धमनी अरुंद झाल्याचे समजते. पण कडक धमनी रक्तदाब मोजण्याच्या पट्ट्याने दाबलीच जात नसल्यामुळे हा आकडा सामान्य किंवा १.४ च्याही वर येऊ शकतो आणि रुग्ण निर्धास्त होतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब मोजून घेणे अधिक विश्वासार्ह असते. दुखत नाही म्हणून तंबाखू चालू ठेवणाऱ्याला पहिली खबर कित्येकदा न भरणाऱ्या जखमेतूनच मिळते.

वजनाच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे आणि ते लपवू नये. सिगारेट सोडल्यावर पहिल्या वर्षात सरासरी चार ते पाच किलो वजन वाढते, आणि मधुमेहींचे एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारा टक्केवारीतला आकडा, सुमारे ०.२ ने वाढल्याचेही आढळले आहे. पण साखरेची ही वाढ पुढील दोन-तीन वर्षांत ओसरते. तेवढ्या काळात आहार व औषधांची मात्रा डॉक्टरांकडून जुळवून घेता येते, आणि हृदयरक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू टळण्याचा लाभ वजन वाढलेल्यांनाही मिळतो.

संदेशाच्या शेवटी, इतक्या वर्षांनंतर आता सोडून काय उपयोग, असेही विचारले आहे. पायाची बायपास शस्त्रक्रिया झाल्यानंतरही धूम्रपान करत राहणाऱ्यांमध्ये जोडलेली रक्तवाहिनी बंद पडण्याचे प्रमाण सुमारे तिप्पट असते, आणि जे तेव्हा सोडतात, त्यांची जोडणी कधीही धूम्रपान न केलेल्यांच्या जोडणीइतकीच टिकू शकते.