मॅटाडोरच्या चेसीसचं काम करणारा कुणी उरलाय का?

जाम वैताग आलाय. वडिलांची मॅटाडोर व्हॅन आहे, आत झोपायची-स्वयंपाकाची सोय करून घेतलेली, इंजिन अजून एका सेल्फला चालू होतं. पण 2019 ला सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली तेव्हा गाडी पाण्यात होती आणि तेव्हापासून चेसीस, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, आतनं सडत चाललीय. डाव्या बाजूला स्क्रू-ड्रायव्हर टेकवला तरी आत जातो आणि गंजाच्या पापुद्र्यांचा ढीग खाली पडतो.

आता हे कुणी करायचं? गॅरेजवाला म्हणतो फॅब्रिकेशनवाल्याकडं न्या, फॅब्रिकेशनवाला म्हणतो मालक आत्ता उसाच्या ट्रॉल्या हायत दिवाळीनंतर बघू, आणि दिवाळीनंतर तर सीझनच चालू, मग फोनच उचलत नाही! बॉडीवाला तयार झाला तर म्हणे वरनं पत्रा मारतो, काळा कोट देतो, दिसणार पण नाही. अहो दिसायचं काय घेऊन बसलाय, गंजावर पत्रा मारला की मधे पाणी अडकतं आणि दुप्पट वेगानं खातं, घरची माणसं बसतात त्यात! चांगलं लोखंड लागेपर्यंत कापा, जाड प्लेट वेल्ड करा, गंज रोखायला रेड ऑक्साईडचा रंग मारा, एवढंच मागणं आहे. वर सगळ्यांचा एकच सल्ला, भंगारात घाला. का घालू?

कुपवाड, मिरज, अगदी कराडपर्यंत टो करून आणतो. पैसे पण योग्य ते देतो. फक्त कापून काम करणारा माणूस सांगा.